वाचकांचे प्रश्न : लिनक्सवर गेम खेळायचे तर

विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. त्यानंतर आलेल्या बऱ्याच पत्रांचा सूर एकच आहे : जुना पीसी चांगला चालतोय, लिनक्स टाकावे असे वाटते, पण गेमचे काय? निवडक प्रश्नांची उत्तरे इथे देत आहोत. उत्तरांतल्या आज्ञा टर्मिनलमध्ये (आज्ञा लिहायच्या खिडकीत) रोमन लिपीत, सगळी अक्षरे लहान ठेवून टाइप करायच्या आहेत.

सहाव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०५० टीआय असा डेस्कटॉप आहे. विंडोज ११ त्यावर बसत नाही. लिनक्स मिंट (लिनक्सची एक आवृत्ती) टाकले तर जीटीए ५, विचर ३, काउंटर-स्ट्राइक २ आणि एज ऑफ एम्पायर्स २ ची डेफिनिटिव्ह आवृत्ती हे गेम चालतील का? सगळे स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून घेतलेले आहेत. (सांगली)

चारही चालतील. मात्र जीटीए ५ ची फक्त कथा खेळता येईल, जीटीए ऑनलाइन नाही. त्यामागचे कारण पुढच्या उत्तरात आहे.

विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, म्हणून तुमचे मशीन नाकारले गेले. लिनक्सची अशी अट नाही. गेमच्या बाबतीत तिथे खरा प्रश्न एवढाच असतो की ग्राफिक्स कार्डाला व्हल्कन १.३ (प्रोग्रामने कार्डाशी बोलायची भाषा) येते का. विंडोजचे गेम डायरेक्टएक्समधून कार्डाशी बोलतात. लिनक्सवर स्टीम ते प्रोटॉनमधून चालवते. प्रोटॉन म्हणजे वाइन या, विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनाचीच सुधारलेली आवृत्ती. स्टीमची कंपनी वाल्वने ती ऑगस्ट २०१८ मध्ये आणली. तिच्यातला डीएक्सव्हीके हा भाग डायरेक्टएक्स ११ पर्यंतचे हुकूम व्हल्कनमध्ये बदलतो आणि व्हीकेडी३डी-प्रोटॉन हा भाग १२ चे. प्रोटॉन ८ पासून व्हल्कन १.३ सक्तीचे झाले. १०५० टीआय त्यात बसते. जीटीएक्स ६६० सारखी केपलर पिढीची कार्डे बसत नाहीत, कारण त्यांचा ड्रायव्हर ४७० मालिकेवर थांबला आणि तो व्हल्कन १.२ च्या पुढे जात नाही. अशा कार्डावर प्रोटॉन ७ निवडून जुने गेम खेळता येतात, पण फक्त नव्या गेमसाठी एवढी खटपट करू नये.

तुमचे कार्ड पास्कल पिढीचे आहे आणि या पिढीला चालणारी शेवटची ड्रायव्हर मालिका ५८० आहे. मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमध्ये तीच किंवा तिच्या आधीची मालिका निवडा, त्यापुढची नाही. आर्चसारखी, सतत नवे पॅकेज देणारी डिस्ट्रो (लिनक्सची आवृत्ती) या कार्डासाठी आम्ही सुचवणार नाही. एखाद्या अपडेटमध्ये ड्रायव्हर पुढच्या मालिकेवर गेला की मशीन सुरू होईल, पण डेस्कटॉप दिसणार नाही.

आता क्रम सांगतो. विंडोज पुसण्याआधी डॉक्युमेंट्स फोल्डरमधले 'रॉकस्टार गेम्स' आणि 'द विचर ३' हे दोन फोल्डर पेनड्राइव्हवर काढून ठेवा. जुन्या सेव्ह फाइल त्यांत असतात आणि स्टीम क्लाउडने त्या सगळ्या सांभाळल्याच असतील असे धरून चालू नका. मग ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट लिहून त्यावरूनच मशीन सुरू करा आणि वायफाय, आवाज, स्क्रीन तपासून घ्या. सगळे नीट दिसले तरच डिस्कवर टाका. इन्स्टॉल झाल्यावर आधी सगळी अपडेट्स, नंतर ड्रायव्हर मॅनेजरमधून एनव्हिडियाचा ड्रायव्हर, मग रीस्टार्ट आणि शेवटी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून स्टीम, हाच क्रम ठेवा. तिथे स्टीम दोन प्रकारे दिसते : सिस्टिम पॅकेज आणि फ्लॅटपॅक (स्वतःच्या चौकटीत बंद असलेले पॅकेज). सिस्टिम पॅकेज घ्या, म्हणजे दुसऱ्या डिस्कवरच्या गेमसाठी वेगळी परवानगी द्यावी लागत नाही.

स्टीमच्या सेटिंग्जमध्ये 'कम्पॅटिबिलिटी' नावाचे पान आहे. बाकी सगळ्या गेमसाठी स्टीम प्ले चालू करायचा पर्याय तिथे दिसला आणि बंद असला, तर तो चालू करा; नव्या स्टीममध्ये तो मुळातच चालू असतो. काउंटर-स्ट्राइक २ ची लिनक्स आवृत्ती वाल्व स्वतः देते, त्याला प्रोटॉन लागत नाही. विचर ३ च्या लाँचरमध्ये डायरेक्टएक्स ११ निवडा, कारण पास्कल कार्डावर १२ चे भाषांतर महाग पडते. जीटीए ५ च्या दोन आवृत्त्यांपैकी 'लेगसी' घ्या. 'एन्हान्स्ड' आवृत्तीला किमान जीटीएक्स १६३० सांगितले आहे.

सेव्ह फाइल परत आणायच्या तर तो गेम एकदा सुरू करून बंद करा. मग स्टीमच्या फोल्डरमधल्या स्टीमअ‍ॅप्समध्ये कॉम्पॅटडेटा उघडा. तिथे प्रत्येक गेमचा फोल्डर क्रमांकाने असतो : जीटीए ५ चा २७१५९०, विचर ३ चा २९२०३०. त्याच्या आत पीएफएक्स, ड्राइव्ह-सी, यूजर्स, स्टीमयूजर असे गेलात की विंडोजसारखाच डॉक्युमेंट्स फोल्डर सापडेल. जुने फोल्डर तिथे ठेवा.

खर्च करायची तयारी असेल तर अजून ८ जीबीची एक रॅम स्टिक घाला. ८ जीबीत मिंट, स्टीम आणि विचर ३ एकत्र बसतात खरे, पण मागे ब्राउझर उघडा राहिला की गेम अडखळतो.

एल्डन रिंग लिनक्सवर छान चालतो, मग व्हॅलोरंट का नाही? दोन्हींत अँटी-चीट, म्हणजे फसवेगिरी पकडणारा प्रोग्राम, आहे. व्हर्च्युअल मशीनमध्ये (लिनक्सच्या आत चालणाऱ्या आभासी पीसीत) विंडोज टाकून व्हॅलोरंट खेळता येईल का? (कोल्हापूर)

येणार नाही, आणि तो प्रयत्न करूही नका. व्हॅलोरंट बनवणाऱ्या रायटचे व्हॅनगार्ड हे अँटी-चीट व्हर्च्युअल मशीन ओळखते आणि गेम सुरूच होऊ देत नाही. ते लपवायच्या युक्त्या करत बसलात तर खाते बंद होण्याचा धोका आहे.

अँटी-चीट सगळे एका जातीचे नसतात, फरक तिथे आहे. व्हॅनगार्ड हा विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, बसणारा ड्रायव्हर आहे. विंडोज सुरू होतानाच तो चालू होतो आणि मेमरीत काय काय शिरते ते बघत राहतो. प्रोटॉन कर्नलच्या बाहेर, साध्या प्रोग्रामच्या पातळीवर काम करतो. विंडोजचा कर्नल ड्रायव्हर चालवायला त्याच्याकडे जागाच नाही. शिवाय लिनक्सचा कर्नल कोणीही स्वतः बदलून बांधू शकतो. त्यामुळे त्यावर किती भरवसा ठेवायचा हा गेम कंपन्यांपुढचा खरा प्रश्न आहे, नुसता आळस नाही.

एल्डन रिंगमधले ईझी अँटी-चीट आणि दुसरे बॅटलआय या दोघांनी २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी सोय केली. मात्र ती चालू करायची की नाही, हे प्रत्येक गेमच्या निर्मात्याने ठरवायचे असते. एल्डन रिंगसाठी ती चालू केली आहे. जीटीए ऑनलाइनमध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय आले, पण लिनक्सची सोय बंद ठेवली. एपेक्स लेजेंड्स लिनक्सवर चालत होता. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस फसवेगिरीचे कारण देऊन तो बंद केला. फोर्टनाइट बनवणारी एपिक ही ईझी अँटी-चीटची मालक, तरी फोर्टनाइटमध्ये सोय नाही. स्टीमच्या मासिक पाहणीत २०२५ च्या अखेरीस लिनक्सचा वाटा ३ टक्क्यांच्या आसपास होता. एवढ्या खेळाडूंसाठी वेगळी देखरेख ठेवायला बहुतेक कंपन्या तयार नाहीत. हे बदलायला हवे असे आम्हांला मनापासून वाटते, पण उद्या बदलेल या आशेवर आज विंडोज पुसू नका.

ज्यांचे मुख्य गेम व्हॅलोरंट, लीग ऑफ लेजेंड्स, फोर्टनाइट, कॉल ऑफ ड्यूटीचे नवे भाग, बॅटलफील्ड ६, रेनबो सिक्स सीज यांपैकी आहेत, त्यांनी विंडोज ठेवावे. काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्यांसाठीही एक सूचना : वाल्वच्या सर्व्हरवर लिनक्समधून खेळता येते, पण फेसइट या सामने भरवणाऱ्या बाहेरच्या सेवेचे अँटी-चीट फक्त विंडोजवर चालते. गेम विकत घेण्याआधी प्रोटॉनडीबी आणि 'आर वी अँटी-चीट येट' या दोन संकेतस्थळांवर त्याचे नाव शोधा. प्रोटॉनडीबीवर 'प्लॅटिनम' किंवा 'गोल्ड' असेल तर एकट्याने खेळायच्या गेमची चिंता नको. 'बोर्क्ड' म्हणजे चालतच नाही. मात्र नुसता शेरा पाहून थांबू नका. तुमच्यासारखे कार्ड असलेल्या लोकांच्या गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या नोंदी वाचा, कारण एका अपडेटने चित्र पालटते.

आरटीएक्स ३०५० असलेला लॅपटॉप, विंडोज ११ शेजारी मिंट टाकले. एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकूनही गेम सेकंदाला ८-१० फ्रेमवर रखडतात. रीस्टार्ट करताना एकदा निळा पडदा आला होता, तो पुढे ढकलला. (छत्रपती संभाजीनगर)

तो निळा पडदाच महत्त्वाचा होता. सिक्युअर बूट चालू असताना कर्नल फक्त ओळखीची सही असलेले ड्रायव्हर आत घेतो. तुमच्या मशीनवर बांधलेल्या एनव्हिडिया ड्रायव्हरवर तुमच्याच मशीनने तयार केलेली सही असते, आणि ती ओळखीची आहे हे त्या पडद्यावर एकदा सांगावे लागते. ते राहून गेले, म्हणून ड्रायव्हर डिस्कवर आहे पण चालू नाही. सगळे ओझे इंटेल किंवा एएमडीच्या आतल्या ग्राफिक्सवर पडते आहे. खात्री करायची तर टर्मिनलमध्ये 'एनव्हिडिया-एसएमआय' टाइप करा. ड्रायव्हरशी संपर्क होत नाही असे उत्तर आले तर निदान पक्के.

उपाय : टर्मिनलमध्ये 'सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एनरोल-की' चालवा. ती एक पासवर्ड मागेल. सोपा ठेवा, पण कागदावर लिहून घ्या. रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा येईल आणि काही सेकंदच थांबेल, तेवढ्यात कुठलीही कळ दाबा. 'एनरोल एमओके', मग 'कंटिन्यू', मग 'येस', तो पासवर्ड आणि शेवटी 'रीबूट'. इथे पासवर्ड अमेरिकन कीबोर्डच्या मांडणीने टाइप होतो, म्हणून त्यात चिन्हे वापरू नयेत.

सिक्युअर बूट बंद करूनही हे सुटते आणि बरेच जण तोच सल्ला देतात. तुमच्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे म्हणून आम्ही तो देणार नाही. व्हॅलोरंट आणि बॅटलफील्ड ६ ला विंडोजमध्ये सिक्युअर बूट चालू लागतो. त्याशिवाय विंडोजची डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल, तर बायॉसमध्ये असा बदल केल्यावर बिटलॉकर ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून आधीच काढून ठेवली नसेल तर विंडोजमधले सगळे अडकून पडते.

ड्रायव्हर चालू झाल्यावर 'एनव्हिडिया एक्स सर्व्हर सेटिंग्ज' उघडून 'प्राइम प्रोफाइल्स'मध्ये पाहा. 'परफॉर्मन्स मोड' निवडला की सगळे काम एनव्हिडियावर जाते, पण बॅटरी लवकर उतरते. 'ऑन-डिमांड' ठेवून फक्त गेमपुरते कार्ड वापरता येते : मेनूत स्टीमवर राइट-क्लिक करून ते एनव्हिडियावर चालवायचा पर्याय निवडा.

विंडोजच्या डी ड्राइव्हवर १५० जीबीचे गेम आहेत. लिनक्सच्या स्टीमला तोच फोल्डर दाखवला. 'प्ले' दाबले की बटण क्षणभर निळे होते आणि परत हिरवे, बाकी काही होत नाही. (ठाणे)

तो ड्राइव्ह एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने मांडलेला, आहे आणि अडचण तीच. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक छोटे विंडोज उभे करतो आणि त्यात 'सी:' आणि 'झेड:' अशा नावांच्या जोडण्या बनवतो. विंडोजच्या नियमात फाइलच्या नावात अपूर्णविराम चालत नाही. म्हणून एनटीएफएसवर त्या जोडण्या एकतर बनतच नाहीत, किंवा बनल्या तर पुढे विंडोजची डिस्क-तपासणी त्यांना बिघाड समजते. गेम त्याआधीच बंद पडतो.

दुसरे कारणही असू शकते. विंडोजचे 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउन पूर्ण होत नाही, विंडोज अर्धवट झोपते आणि लिनक्स तो ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडतो. तेव्हा स्टीम 'डिस्क राइट एरर' दाखवते. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणाच्या सेटिंगखाली, त्याची खूण काढा.

एकच लायब्ररी दोन्हीकडून वापरायची युक्ती बरेच ठिकाणी वाचायला मिळते. ती काही दिवस चालते आणि मग एखाद्या अपडेटच्या मध्येच फाइल खराब होतात. लिनक्ससाठी ईएक्सटी४ चा (लिनक्सच्या मांडणीचा) वेगळा विभाग करा. गेम पुन्हा डाउनलोड करायची मात्र गरज नाही. नव्या विभागावर स्टीम लायब्ररी बनवा, जुन्या स्टीमअ‍ॅप्समधल्या कॉमन फोल्डरातून गेमचा फोल्डर नव्या कॉमनमध्ये कॉपी करा आणि मग स्टीममध्ये 'इन्स्टॉल' दाबा. स्टीम आधीच्या फाइल ओळखते, तपासते आणि कमी असेल तेवढेच उतरवते.

प्रत्येक गेमआधी 'प्रोसेसिंग व्हल्कन शेडर्स' येते आणि मोबाइल डेटाही खर्च होतो. ते बंद केले. आता एका गेममध्ये कथेच्या व्हिडिओच्या जागी रंगीत पट्टे दिसतात. (रत्नागिरी)

या दोन गोष्टींचा संबंध आहे. गेमचे शेडर म्हणजे ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम. विंडोजसाठी लिहिलेले शेडर आधी व्हल्कनच्या रूपात आणि मग तुमच्या कार्डाच्या भाषेत यावे लागतात. स्टीम हे काम खेळाआधी उरकते, म्हणजे ऐन चकमकीत गेम अडखळत नाही. त्याच डाउनलोडबरोबर आणखी एक गोष्ट येते : काही गेमचे व्हिडिओ परवान्याच्या अडचणीमुळे प्रोटॉन थेट दाखवू शकत नाही, म्हणून वाल्व ते दुसऱ्या स्वरूपात बदलून पाठवते. डाउनलोड बंद म्हणजे ते व्हिडिओ आलेच नाहीत, आणि त्या जागी रंगीत पट्ट्यांचा पर्यायी व्हिडिओ दिसतो.

डेटा मर्यादित असेल तर शेडर प्री-कॅशिंग, म्हणजे हे खेळाआधीचे काम, बंदच राहू द्या. डीएक्सव्हीके २.० पासून, म्हणजे २०२२ च्या अखेरपासून, बऱ्यापैकी नव्या कार्डांवर त्याशिवायही अडखळणे खूप कमी झाले आहे. व्हिडिओसाठी जीई-प्रोटॉन वापरून पाहा. ही स्वयंसेवी कार्यकर्त्यांनी बांधलेली आवृत्ती, तिच्यात जास्तीचे व्हिडिओ कोडेक असतात. 'प्रोटॉनअप-क्यूटी' या छोट्या प्रोग्राममधून ती टाका, स्टीम पुन्हा सुरू करा आणि गेमच्या प्रॉपर्टीजमधल्या 'कम्पॅटिबिलिटी' पानावर ती निवडा. फक्त त्या एका गेमसाठी निवडा. बाकीच्यांना वाल्वचा प्रोटॉनच ठेवा.

एपिकचे मोफत मिळालेले गेम लिनक्सवर? (नांदेड)

'हिरोइक गेम्स लाँचर' टाका. एपिक, जीओजी आणि अ‍ॅमेझॉनची खाती त्यात जोडता येतात. आधी त्याच्या वाइन मॅनेजरमधून जीई-प्रोटॉन उतरवा, मग गेम. फ्लॅटपॅक घेतले असेल आणि गेम दुसऱ्या डिस्कवर ठेवायचे असतील, तर 'फ्लॅटसील' या परवानग्या बदलायच्या प्रोग्राममधून त्या डिस्कची परवानगी द्या, नाहीतर ती डिस्क त्याला दिसतच नाही.

त्याच मशीनवर लिनक्समध्ये जास्त फ्रेम मिळतात असे काही जण म्हणतात, काही जण उलट सांगतात. खरे काय? (पणजी)

कार्ड कुठले, यावर उत्तर अवलंबून आहे. एएमडीच्या कार्डांवर लिनक्सचा खुला मेसा ड्रायव्हर फार उत्तम आहे. अनेक गेममध्ये तो विंडोजच्या बरोबरीने चालतो, काहींत पुढे जातो. लेनोव्होचा लिजन गो एस हा हातात धरायचा गेमिंग पीसी विंडोज आणि स्टीमओएस (वाल्वची लिनक्स) अशा दोन्ही रूपांत मिळतो. परीक्षकांच्या चाचण्यांत स्टीमओएसने बऱ्याच गेममध्ये जास्त फ्रेम दिल्या. एनव्हिडियावर डायरेक्टएक्स ११ चे गेम विंडोजच्या जवळपास चालतात, पण १२ चे गेम लक्षात येण्याइतके मागे पडतात. किरण-अनुरेखन, म्हणजे रे ट्रेसिंग, चालू केले की ती तफावत आणखी जाणवते. नवे कार्ड लिनक्ससाठीच घेणार असाल तर आम्ही एएमडी घ्यायला सांगू.

एएमडीचीही एक उणीव आहे. एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये खुल्या ड्रायव्हरला एचडीएमआय २.१ ची परवानगी नाकारली. त्यामुळे एचडीएमआयने जोडलेल्या टीव्हीवर पूर्ण रंगांत ४के १२० हर्ट्झ मिळत नाही. मॉनिटर असेल तर डिस्प्लेपोर्टची केबल लावा, प्रश्नच मिटतो.

स्वतः मोजायचे असेल तर मँगोहड हा फ्रेम मोजणारा प्रोग्राम टाका आणि गेमच्या लाँच ऑप्शन्समध्ये 'मँगोहड %कमांड%' लिहा. सरासरी फ्रेमपेक्षा फ्रेम-टाइमची रेषा पाहा. ती सपाट असेल तर ५० फ्रेमचा गेमही सुखाने खेळता येतो. रेषेत सुळके असतील तर ९० फ्रेमवरही हात चुकतो. दोन्हीकडे तोच प्रसंग, तेच रिझोल्यूशन घ्या आणि पहिली फेरी मोजू नका, कारण तिच्यात शेडर तयार होत असतात.

लिनक्स वापरून परत विंडोजमध्ये गेलो की घड्याळ साडेपाच तास मागे असते आणि गेमचे लॉगिन अडते. (भुसावळ)

लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवते, विंडोज तीच भारतीय वेळ समजते. लॉगिनच्या वेळी सुरक्षा प्रमाणपत्रांच्या तारखा-वेळा तपासल्या जातात, म्हणून चुकीच्या घड्याळावर सर्व्हर नकार देतो. लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' ही आज्ञा एकदा चालवा, मग विंडोजमध्ये जाऊन वेळेच्या सेटिंगमधले 'सिंक नाउ' दाबा.